थारचं हूड पांढुरकं पडलंय आणि मागच्या खिडकीवर राशिभविष्य छापलं गेलंय – काय लावू? (आणि काय नको लावू?)

सिंहगडरोडी – १४ मे, रात्री ११:०२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र आहे, पण आता गळ्याशी आलंय म्हणून पहिला धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी – थार २०२१, कन्व्हर्टिबल सॉफ्ट टॉप (म्हणजे उघडता येणारं मऊ टप, तेच हूड), काळं व्हिनाइल. गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने तीन वर्षं उघड्यावर एका मोठ्या रेनट्रीखाली लावलेली, म्हणजे वरून चिकट, पक्ष्यांचं जे काय असतं ते, आणि ऊन, सगळं यथासांग झालेलं. तरी घेतली तेव्हा हूड बरं दिसत होतं. आता पुढचा सगळा पराक्रम माझा.

पराक्रम १: मार्चमध्ये वॉशिंग सेंटरला दिली. तिथला पोरगा म्हणाला साहेब वर पण पॉलिश मारतो, फुकटात, नवीन दिसेल. दिसली की! चार दिवस नुसती चकाचक. मग त्याच्यावर खडकवासल्याची सगळी धूळ येऊन बसली आणि हूड तपकिरी झालं. नंतर कळलं की ते टायर पॉलिश होतं.

पराक्रम २: ते काढायला मी घरची कपडे धुवायची पावडर आणि कपड्याचा ब्रश घेतला. घासघास घासलं. तपकिरी गेलं पण आता पांढुरके पट्टे आलेत, विशेषतः वरच्या बाजूला. ओलं असलं की काळंभोर दिसतं, वाळलं की परत भस्म फासल्यासारखं.

पराक्रम ३ (हा सांगायला लाज वाटते): फेब्रुवारीत भंडारदऱ्याला जाताना मागची पारदर्शक खिडकी झिप उघडून काढली, आल्यावर परत लावायचा कंटाळा केला. चरे पडू नयेत म्हणून आतल्या बाजूला रद्दी पेपर लावून, घडी घालून माळ्यावर टाकली, वर दिवाळीच्या कंदिलांचं खोकं. परवा काढली तर घडीच्या जागी पांढरी रेघ आणि आख्ख्या खिडकीवर पेपर छापलेला! वाचता येतो. पुसला तर निघत नाही.

पावसाळा तीन आठवड्यांवर आलाय. हूड वाचेल का? काय लावू? खिडकीचं काय करू? बायकोचं म्हणणं, टप नसलेली गाडी घेतलीस ती घेतलीस, आता टपाला क्रीम कसलं शोधतोस.

---

टीनपाट – १४ मे, रात्री ११:२०

हार्डटॉप घ्यायचा. धागा संपला.

(हलके घ्या)

---

एमेम५४० – १५ मे, सकाळी ६:१५

कपड्याचा ब्रश??? अरे बाळा, तो ब्रश गोधडीसाठी असतो.

घाबरू नकोस, हूड मेलेलं नाही. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता फिरायला निघालोय. तोवर त्याच्यावर अजून काहीही चोपडू नको. काहीही म्हणजे काहीही.

---

पीव्हीसीमास्तर – १५ मे, दुपारी १:४०

मी तारापूरला पीव्हीसी कंपाउंडिंगमध्ये अठरा वर्षं काढली, म्हणून यात तोंड घालतो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

आपण ज्याला व्हिनाइल किंवा सरसकट रेक्झिन म्हणतो ते म्हणजे पॉलिस्टरचं कापड आणि त्याच्यावर मऊ पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात मऊ नसतंच, आपल्या नळाचा पाइप आठवा, तो पीव्हीसीच. त्याला मऊ करायला आत तेलासारखा द्रव घालतात, प्लॅस्टिसायझर, आणि चिमूटभर नाही, मऊ मालात वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा तोच असतो. आणि गंमत अशी की तो पीव्हीसीला रासायनिकरीत्या जोडलेला नसतो, नुसता आत मुरून बसलेला असतो. लाडवातलं तूप जसं. लाडू कागदावर ठेवून उन्हात ठेवला की कागदाला डाग पडतो ना, लाडू कोरडा होतो आणि मग हात लावला की फुटतो. हुडाचं म्हातारपण म्हणजे एवढंच, तूप निघून जाणं, आणि जोडीला उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा थर कुजणं.

आता तुमचे तीन पराक्रम या लाडवाच्या हिशोबात बघा.

टायर पॉलिश – स्वस्तातलं असेल तर पेट्रोलियम सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं सिलिकॉन तेल. सॉल्व्हंट प्लॅस्टिसायझर बाहेर ओढतो, सिलिकॉन वर चिकट राहतं आणि धूळ धरतं. पेट्रोल, थिनर, रॉकेल, डिझेल सगळ्यांचं हेच. काही गॅरेजवाले डिझेलचा बोळा फिरवून चमक आणतात, त्या चमकेपायी तुमच्याच हुडातलं तूप बाहेर जातं.

कपड्याची पावडर – चांगलीच अल्कधर्मी, शिवाय नीट धुतली गेली नाही तर व्हिनाइलच्या दाण्यांमध्ये अडकून पांढरी दिसते. म्हणून आधी हे तपासा: नुसत्या पाण्याने दोन-तीनदा भरपूर धुवा आणि वाळू द्या. पांढरेपणा कमी झाला तर ती पावडरच होती, सुटलात. तसाच राहिला तर वरचा थर झिजलाय, तो परत येत नाही, पण पुढची झीज नक्की थांबवता येते.

पेपर – हे तर आमच्याकडे नवीन पोरांना शिकवायचं उदाहरण आहे. जुन्या प्लॅस्टिक फायलीत झेरॉक्स ठेवली की अक्षरं फायलीला चिकटतात, पाहिलंय ना? फायलीतला प्लॅस्टिसायझर शाईत शिरतो, तिला मऊ करतो आणि शाई प्लॅस्टिकवर येते. तुमची खिडकी पण मऊ पीव्हीसीच, त्यात माळ्यावरची गरमी आणि वर खोक्याचं वजन. छापखानाच झाला तो. शाई आत मुरलेली असते, वरून पुसून जाणार नाही. सॉल्व्हंटने जाईल, पण सॉल्व्हंटने खिडकीही जाईल.

---

सिंहगडरोडी – १५ मे, दुपारी २:०५

मास्तर, दंडवत. लाडू कायमचा डोक्यात बसला. म्हणजे खिडकीवर 'धनु : वाहनखर्च संभवतो' हे आता कायम?

---

टीनपाट – १५ मे, दुपारी २:११

थांब थांब, खरंच राशिभविष्याचं पान आहे???

---

सिंहगडरोडी – १५ मे, दुपारी २:१४

हो. आणि माझी रास धनुच.

---

देशावरचा_पाटील – १५ मे, सायं ५:३०

एवढं काय शास्त्र लावताय. आमच्या आजोबांची जीप होती, हुडाला वर्षातून दोनदा मेण नाहीतर जवसाचं तेल लावायचे, पंचवीस वर्षं टिकलं. मी माझ्या गाडीला खोबरेल लावतो, मस्त काळंभोर राहतं. केमिकलं विकायची नाटकं आहेत सगळी.

---

एमेम५४० – १५ मे, रात्री ८:४५

पाटील, तुमचे आजोबा बरोबर होते आणि तुम्ही चुकताय, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आजोबांच्या जीपचं हूड सुती कॅनव्हासचं होतं. खाकी, जाड, पाऊस लागला की धागे फुगून भोकं बंद करणारं. त्या कापडाला मेण-तेल पाजावंच लागायचं, नाहीतर पाणी झिरपायचं आणि कुजायचं. आताचं हूड प्लॅस्टिकचं. ते काही पीत नाही. तेल वरच राहतं, धूळ धरतं, खवट होतं, आणि खोबरेलाच्या वासाने पार्किंगमधली उंदरं हूड कुरतडायला येतात ते वेगळंच. माझ्या शेजाऱ्याच्या मारुती जिप्सीचा मागचा कोपरा असाच गेला. कॅनव्हासची सवय व्हिनाइलला लावली, सगळा घोळ इथेच आहे.

आता धुण्याबद्दल. माझ्याकडे एमेम ५४० आहे, महिंद्राची जुनी जीप, सध्याचं हूड साताऱ्यातल्या एका कुशनवाल्याकडून शिवलेलं, यंदा नववं वर्ष. मी काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या.

सकाळी आठच्या आत, सावलीत, आणि हूड गाडीवर नीट ताणून लावलेलं असताना. सैल हूड घासलं की घड्या घासल्या जातात. आधी नुसतं पाणी, पाइपला बोट लावून मोकळ्या धारेने, ब्रश नाही कपडा नाही, कारण वरची धूळ म्हणजे पॉलिश पेपर आहे, ती पहिली वाहून गेली पाहिजे. प्रेशर वॉशर लांबून ठीक, पण शिवणीवर आणि झिपवर कधीच नाही, दोऱ्याच्या भोकांतून पाणी आत जातं आणि शिवण सुटते. मग दहा लिटरच्या बादलीत गाडीचा साधा शाम्पू दोन टोपणं. कपड्याची पावडर नाही, भांड्याचा साबणही शक्यतो नाही. आणि ब्रश कुठला, तर बुटाला पॉलिश करायचा मऊ केसांचा, नवीन घ्यायचा, नाहीतर बुटाचं पॉलिश टपावर जाईल. व्हिनाइलला चामड्यासारखे दाणे असतात, त्या खाचांतला मळ कपड्याने निघत नाही, मऊ ब्रश गोल फिरवला की निघतो. एका वेळी अर्धंच टप, लगेच धुवायचं, साबण अंगावर वाळू द्यायचा नाही. फेस काळा-तपकिरी येईल, टायर पॉलिश आहे ते, दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा कर पण जोर लावू नको. जोराने काम होत असतं तर तुझं आधीच झालं असतं.

शिवणींना जुना टूथब्रश. झिपचे दात पण त्यानेच, कारण त्यात बारीक रेती असते आणि रेतीनेच झिप मरते. झिप वाळली की तिच्यावर पांढरी मेणबत्ती घासायची, दोन्ही बाजूंनी, चार वेळा वर-खाली करायची. ग्रीस, ऑइल लावलंस तर आठवड्यात त्याचा काळा चिखल होतो.

आणि मग वाळवणं. हे लोक विसरतात. मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं आणि गाडी दारं उघडी ठेवून सावलीत दोन-तीन तास. ओलं हूड घडी घालणे म्हणजे बुरशीला आमंत्रणपत्रिका.

---

रत्नांग्री – १५ मे, रात्री ९:३०

काका बुरशीचं नाव काढलात म्हणून आलो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर गाडीला ऊन दिसत नाय, भिंतीला पण बुरशी येते तिथे हुडाची काय कथा. पहिल्या वर्षी मी डोकं लावून ब्लीच मारलं. बुरशी गेली, पण पुढच्या वर्षी शिवणीचा दोरा हाताने तुटायला लागला आणि टपाचा काळा रंग राखाडी. म्हणून ब्लीच नको.

आता पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी एक भाग, स्प्रे बाटलीत, बुरशीच्या ठिपक्यांवर मारून दहा मिनिटं, मग मऊ ब्रश, मग भरपूर पाणी. ठिपके कधीकधी शिवणीच्या कापडात आत गेलेले असतात ते काळे राहतात, राहू दे. आणि एक, ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधी करू नका, एकामागोमाग एक पण नको, क्लोरीन वायू होतो, बंद पार्किंगमध्ये जीवावर बेतेल.

दुसरं खारं पाणी. किनाऱ्यावर गाडी घालणारे पुण्या-मुंबईचे वीर येतात (गोव्यात ते बेकायदा आहे, आणि आमच्याकडे रुतली की ओढायला आम्हीच जातो), पण नुसती समुद्राजवळ उभी केली तरी मीठ बसतं. झिपचा धातूचा स्लायडर हिरवा-पांढरा होऊन जाम होतो. घरी आलं की गोड्या पाण्याने झिप आणि बटणं धुवा, मग काकांची मेणबत्ती.

---

वऱ्हाडी_ठसका – १५ मे, रात्री १०:१०

तुमच्या तिकडे बुरशीचं टेन्शन, आमच्या अकोल्याले उन्हाचं. मे महिन्यात ४५ च्या वर पारा, काळ्या हुडाले हात लावला तर चटका बसते राजेहो. मी तर सांगतो, ऊन हेच सगळ्यात मोठं पॉलिश, ते बंद करा पहिले. शेड नसल तर निंबाच्या झाडाखाली लावा, निंबोळ्या पडतीन त्या पुसता येतात, ऊन पुसता येत नाही.

कव्हर टाकू का असं कोणी विचारीन म्हणून सांगून ठेवतो. सैल कव्हर हवेनं फडफडते, त्याच्या खाली धूळ, आणि रातभर खिडकीले घासत राहते. माझी बाजूची खिडकी अशीच आंधळी झाली. घट्ट बसणारं असलं आणि गाडी धुतलेली असली तरच टाका.

---

डेन्व्हरकर – १६ मे, पहाटे ४:५०

मूळची सांगलीची, सध्या कोलोरॅडो. माझी जीप रँग्लर आहे आणि टप थारच्याच जातकुळीचा, म्हणून लिहिते. इकडे प्रश्न उलटा, डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर, त्यामुळे ऊन तिखट, आणि हिवाळ्यात कडाक्याची थंडी. थंडीत व्हिनाइल पापडासारखं होतं. पहिल्या हिवाळ्यात मी उत्साहात टप खाली केला आणि मागच्या खिडकीला कर्रकन आरपार चीर. तेव्हापासून नियम, हवा २०-२२ अंशांच्या वर असेल तरच खोलायचं किंवा नवीन टप बसवायचा. तुमच्याकडे महाबळेश्वर-तोरणमाळला डिसेंबरात पहाटे हाच नियम लावा, गाडी आधी उन्हात तासभर ठेवा.

खिडकीची घडी कधीच घालायची नाही, गुंडाळी करायची, आणि मध्ये जुनी फ्लॅनेल किंवा धुतलेलं मऊ सुती धोतर. छापील काहीच नको, रंग जाणारं कापड पण नको.

संरक्षणाला मी ३०३ एअरोस्पेस प्रोटेक्टंट वापरते, पाण्यावर आधारलेलं असतं आणि अतिनील किरण अडवतं. भारतात ऑनलाइन मिळतं असं भावाकडून कळलं, पण तेच पाहिजे असं नाही, बाटलीवर बघा: पाण्यावर आधारित, यूव्ही संरक्षण, व्हिनाइलसाठी. नुसतं 'ग्लॉस' 'वेट लुक' लिहिलं असेल तर ठेवून द्या. लावायचं कसं, तर धुऊन पूर्ण वाळलेल्या टपावर, सावलीत, स्प्रे गाडीवर नाही तर कपड्यावर मारायचा, पातळ हात, आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कपड्याने पुसून घ्यायचं. हात फिरवला तर चिकट लागता कामा नये. जास्त लावलं की पहिल्या पावसात ओघळून समोरच्या काचेवर येतं आणि वायपर फिरला की काही दिसत नाही, मी हायवेवर हे भोगलंय. उन्हाळ्यात चार-पाच आठवड्यांनी परत. एकदा लावलं आणि वर्षभर सुट्टी असं नसतं.

अजून एक, कँपिंगला डास पळवायचा स्प्रे अंगावर मारून खिडकीला हात लावू नका. त्यात डीट नावाचं रसायन असेल तर प्लॅस्टिक विरघळतं. माझ्या खिडकीवर माझ्याच पंजाचा ठसा आहे, कायमचा.

---

टीनपाट – १६ मे, सकाळी ९:००

एकाच्या खिडकीवर भविष्य, दुसरीच्या खिडकीवर हात. हस्तरेषा पण झाल्या. आता फक्त पोपट पाहिजे.

---

जिप्सीक्वीन – १६ मे, सकाळी ११:२५

छान चाललाय धागा, वाचनखूण साठवली. जरा अवांतर, पण पावसाळा तोंडावर आहे म्हणून विचारते. माझ्या जिप्सीचं हूड स्वच्छ आहे पण गेल्या जुलैत ताम्हिणीत ड्रायव्हरच्या मांडीवर बरोब्बर एकाच जागी थेंब थेंब पाणी. वरून कुठेही भोक दिसत नाही. एका ओळखीच्याने बाथरूमवालं सिलिकॉन शिवणीवर लावलं, महिनाभर थांबलं, मग सालपट निघून परत सुरू.

---

एमेम५४० – १६ मे, दुपारी १२:५०

ताई, भोक दिसत नाही कारण ते सुईचं आहे. टपाची प्रत्येक शिवण म्हणजे शेकडो भोकांची रांग. सुती दोरा ओला झाला की फुगून भोक बुजवायचा, आता दोरा पॉलिस्टरचा, तो फुगत नाही. त्यात टप सैल असेल तर पाणी वाहून न जाता शिवणीवर साचतं आणि मग आत उतरतं. म्हणून पहिलं काम फुकटातलं, पट्टे आवळा, मधली कमान जागेवर आहे का बघा, टपावर बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबतं ते बघा.

मग शिवण. बाथरूमचं सिलिकॉन लावलंत तिथे चुकलं, कारण एकदा सिलिकॉन बसलं की त्याच्यावर दुसरं काहीच धरत नाही. आता ते नखाने, प्लॅस्टिकच्या पट्टीने, संयमाने पूर्ण काढा. त्यानंतर तंबूच्या किंवा व्हिनाइलच्या शिवणीसाठीचं सीम सीलर मिळतं, बारीक ब्रशने आतल्या बाजूने, दोन पातळ हात, रात्रभर वाळू द्या. हूड धुऊन, वाळवून, पण प्रोटेक्टंट लावायच्या आधी, नाहीतर तेही धरणार नाही.

---

पीव्हीसीमास्तर – १६ मे, दुपारी ३:१५

काकांना जोड. फाटलेल्या जागी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावतात, ते पण टिकत नाही. त्या रबरी गमात पुन्हा तोच प्लॅस्टिसायझर शिरतो, गम लिबलिबीत होतो आणि ठिगळ सरकतं. पाइप जोडायचं सोल्युशन उलट टोकाचं, कडक होतं आणि घडीला तडकतं. मऊ पीव्हीसीसाठीचा वेगळा ॲडेसिव्ह मागा. नाहीतर सरळ ट्रकच्या ताडपत्र्या बनवणाऱ्याकडे जा, त्यांच्याकडे गरम हवेची गन असते, त्याच जातीच्या तुकड्याचं ठिगळ वितळवून जोडून देतात. आजूबाजूच्या कापडापेक्षा ते ठिगळच जास्त मजबूत असतं. फक्त हातघाईचा माणूस नको, जास्त गरम झालं की आतलं पॉलिस्टर आकसतं आणि टपाला कायमची सुरकुती.

माळ्यावर ठेवणाऱ्यांसाठी अजून एक: डांबर गोळ्या टाकू नका हुडाजवळ. नॅप्थलीनने व्हिनाइल मऊ-चिकट होतं.

---

देशावरचा_पाटील – १६ मे, सायं ६:००

बरं मग खिडकीला टूथपेस्ट तरी चालते का? ती तर हेडलाइटला सगळेच लावतात.

---

पीव्हीसीमास्तर – १६ मे, सायं ६:४०

हेडलाइट कडक पॉलिकार्बोनेट असतो, खिडकी मऊ. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, मऊ पीव्हीसीवर ती बारीक गोल चरे पाडते, दिवसा कळत नाहीत, रात्री मागच्या गाडीचा दिवा पडला की सगळी खिडकी पांढरी. मऊ पारदर्शक प्लॅस्टिकसाठीचं पॉलिश वेगळं मिळतं, मेग्वायर्सचं प्लास्टएक्स त्यातलं एक. हलकी धुरकट असेल तर खूप फरक पडतो. पिवळी पडली असेल तर पैसे वाया घालवू नका, ते आतून पिवळं असतं. आणि घरातल्या काचा पुसायचा अमोनियावाला स्प्रे खिडकीवर नको. पाणी आणि शाम्पू, बस. कोरड्या कपड्याने तर कधीच पुसू नका, ट्रॅफिकमध्ये हाताशी फडकं असतं ना, तेच खिडकीचं सगळ्यात जास्त वाटोळं करतं.

---

सिंहगडरोडी – १९ मे, सकाळी १०:३०

रविवार सत्कारणी लागला. अपडेट देतो.

आधी मास्तरांची टेस्ट. शनिवारी नुसतं पाणी तीनदा, वाळवलं. निम्म्याहून जास्त पांढरं गेलं! म्हणजे पावडरच होती. वरच्या बाजूला, जिथे मी जोर लावला होता, तिथे दोन तळहाताएवढे डाग राहिले, तिथे दाणे पण गुळगुळीत झालेत, ती झीज माझी, मान्य.

काल सकाळी साडेसहाला बुटाचा ब्रश घेऊन पार्किंगमध्ये. वॉचमन म्हणाला साहेब गाडीला पॉलिश? म्हटलं नाही, आंघोळ. पहिल्या वेळी फेस चहाच्या रंगाचा, दुसऱ्यांदा पातळ चहा, तिसऱ्यांदा पांढरा. काका, जोर अजिबात लावला नाही, खरंच लागला नाही. रेनट्रीचे चिकट थेंब दोन-तीन राहिले होते, ते ओला गरम कपडा पाच मिनिटं ठेवून सुटले. झिपमधून जी रेती निघाली ती भंडारदऱ्याची असावी. मेणबत्ती लावल्यावर आता एका बोटाने सरकते, मागे बायको आणि मी दोघं लागायचो.

दुपारी प्रोटेक्टंट लावलं, पातळ, पुसून. चमकत नाही, नुसतं काळं मॅट दिसतं. आधी वाटलं काही झालंच नाही, मग डेन्व्हरकर ताईंचं आठवलं, हात फिरवला, चिकट नाही. संध्याकाळी धूळ आली ती फुंकर मारली तर उडाली.

खिडकी: प्लास्टिक पॉलिशने घडीची रेघ थोडी फिकट झाली. भविष्य ढिम्म.

---

एमेम५४० – १९ मे, सकाळी ११:१०

शाब्बास. आता पावसात दर पंधरा दिवसांनी एखादा उघडीप असलेला दिवस बघून टप आणि घड्यांच्या आतली बाजू वाळव. पावसात खालीवर करू नको. आणि वॉशिंग सेंटरला देशील तेव्हा आधीच सांग, टपाला हात लावायचा नाही, पैसे देतो पण लावायचा नाही.

---

जिप्सीक्वीन – ८ जुलै, रात्री ९:५५

काका, ताम्हिणीहून आत्ताच आले. मांडी कोरडी. पट्टे आवळल्यावरच अर्धं काम झालं होतं, उरलेलं सीलरने. सिलिकॉन काढायला मात्र दोन रविवार गेले, ज्याने लावलं त्याच्याकडूनच काढून घेतलं.

---

सिंहगडरोडी – २० ऑक्टोबर, रात्री १०:४०

पावसाळा निघाला. हूड काळं आहे, बुरशी फक्त डाव्या कोपऱ्यात शिवणीपाशी आली, व्हिनेगर-पाण्याने गेली. जून ते आत्तापर्यंत चार वेळा धुतलं, चार वेळा प्रोटेक्टंट लावलं. ते दोन तळहाताएवढे डाग आहेत तसेच आहेत, वाढले नाहीत.

खिडकी बदलायला नाना पेठेत विचारून आलो, तिथून एका हूडवाल्याचा पत्ता मिळाला, तो म्हणाला जुन्या फ्रेममध्ये नुसतं पारदर्शक शीट नवीन शिवून देतो, झिप तीच राहील. दिवाळीनंतर टाकणार आहे. थोडं वाईट पण वाटतंय, कारण पेपर आतल्या बाजूला होता ना, त्यामुळे अक्षरं आतून उलटी दिसतात आणि बाहेरून सुलटी. काल राजाराम पुलाच्या सिग्नलला मागे एक काका ॲक्टिव्हावर होते, चष्मा वर करून बराच वेळ वाचत होते. सिग्नल सुटायच्या आधी पुढे येऊन खिडकीवर टकटक केली आणि विचारलं, "मीन राशीचं घडीत गेलंय, काय लिहिलंय हो?"